भुकटीत मिसळले जाणारे ‘पाणी’ एकच नसते

जुलै २०१८ मध्ये सामोआ या पॅसिफिक बेटराष्ट्रात गोवर, गालगुंड व रुबेलाची लस टोचल्यानंतर दोन बालके दगावली. दोष लशीचा नव्हता. भुकटी विरघळवण्यासाठी निर्जंतुक पाण्याऐवजी मुदत संपलेले, स्नायू शिथिल करणारे भुलीचे औषध वापरले गेले होते. लसीकरण काही महिने थांबले, पालकांचा विश्वास उडाला आणि पुढल्याच वर्षी आलेल्या गोवराच्या साथीत तेथे ८३ जणांचा बळी गेला.

अनेक औषधे द्रवरूपात फार काळ टिकत नाहीत. म्हणून ती भुकटीच्या रूपात कुपीत भरतात व टोचण्याआधी द्रावकात विरघळवतात. ही द्रावके दिसायला सारखीच पारदर्शक असली, तरी त्यांचे गुणधर्म भिन्न आहेत.

इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात क्षार नसतात. असे निव्वळ पाणी मोठ्या प्रमाणात शिरेत गेल्यास तांबड्या पेशी ते शोषून फुगतात व फुटतात. नॉर्मल सलाइनमध्ये दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. त्यामुळे ते रक्ताशी जुळते. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बॅक्टेरियोस्टॅटिक पाण्यात ०.९ टक्के बेन्झिल अल्कोहोल असते. ते जंतूंची वाढ रोखते, म्हणून ही कुपी उघडल्यावर साधारणतः २८ दिवस वापरता येते. मात्र नवजात अर्भकांना बेन्झिल अल्कोहोल पचवता येत नाही. त्यामुळे अमेरिकेत अकाली जन्मलेल्या बालकांचे मृत्यू ओढवले आणि १९८२ मध्ये तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला.

औषध आणि द्रावक यांची जोडीही ठरलेली असते. बुरशीवरील साधे ॲम्फोटेरिसिन-बी सलाइनमध्ये साकळते. त्याला ५ टक्के डेक्स्ट्रोज लागते. अपस्मारावरील फेनिटॉइनचे नेमके उलट : डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो, म्हणून त्याला सलाइन लागते.

आपल्याकडील लसीकरणातही हाच नियम आहे. बीसीजीच्या लशीसाठी सलाइन, तर गोवर-रुबेलासाठी निर्जंतुक पाणी आणि तेही त्याच उत्पादकाने लशीसोबत पाठवलेले. या लशी विरघळवल्यानंतर चार तासांत वापरायच्या असतात; उरलेली मात्रा टाकून द्यावी लागते. कुपीवर विरघळवल्याची वेळ लिहिण्याचा दंडक त्यासाठीच आहे.

औषधाच्या दुकानातून कुपीसोबत द्रावक मिळाले असेल, तर दोन्ही एकत्रच दवाखान्यात न्यावीत. ते हरवले किंवा फुटले, तर ‘कुठलेही पाणी चालेल’ असे न मानता डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. द्रावक हे पाणी नव्हे, औषधाचाच अर्धा भाग आहे.