कपिलचं टिंब आणि मिशीवाली पेटी

१८ जून १९८३. इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स. विश्वचषकात भारत विरुद्ध झिंबाब्वे. आणि भारताची अवस्था काय, तर ५ बाद १७! मग कपिल देव असा काही खेळला, की नाबाद १७५ करूनच परतला. हा किस्सा घरातल्या मोठ्यांनी तुम्हाला रंगवून सांगितलाही असेल. आज आपण त्या डावाचं चित्र काढू या. बॅट-बॉलचं नाही हं, आकड्यांचं!

आपले दहा जण फलंदाजीला आले होते. त्यांच्या धावा चढत्या क्रमाने लिहू:

०, ०, १, १, ५, ९, १७, २२, २४, १७५

बेरीज २५४, म्हणून सरासरी २५.४. म्हणजे प्रत्येकाने साधारण पंचवीसेक धावा केल्या? छे! पुन्हा ती ओळ बघा. दहापैकी नऊ जण सरासरीच्या खाली आहेत. गावसकर आणि श्रीकांत तर शून्यावर बाद. एकट्या कपिलने सरासरी वर ओढून नेली आणि बाकीच्यांची पडझड तिच्यामागे लपली.

मग खरं चित्र कसं दिसेल? आधी ओळीचा मध्य शोधू. दहा आकड्यांत मधले दोन म्हणजे ५ आणि ९. त्यांच्या बरोब्बर मध्ये ७. हा झाला मध्यक. आता डावीकडच्या पाच आकड्यांतला मधला १ आणि उजवीकडच्या पाचांतला मधला २२. हे दोघे चतुर्थक, कारण त्यांच्यामुळे ओळीचे साधारण चार सारखे वाटे होतात.

आलेख कागद आडवा धरा. १ मिलिमीटर म्हणजे १ धाव. १ पासून २२ पर्यंत एक पेटी काढा आणि ७ वर पेटीत उभी रेघ मारा. पेटीच्या डाव्या कडेपासून ० पर्यंत एक आडवी रेघ, उजव्या कडेपासून २४ पर्यंत दुसरी. मांजराला असतात तशा या पेटीच्या मिशा!

आणि कपिल? तो पार तिकडे, साडेसतरा सेंटिमीटरवर, एकटाच. तिथे नुसतं टिंब द्यायचं. मिशी तिथपर्यंत का नाही ताणायची? त्याला नियम आहे. पेटीची लांबी २२ वजा १, म्हणजे २१. तिची दीडपट ३१.५. ती २२ मध्ये मिळवली की येतात ५३.५. याच्याही पलीकडे जो जाईल, त्याला टिंब. मिशी मात्र अलीकडच्या शेवटच्या आकड्याशी, म्हणजे किरमाणीच्या २४ वर थांबते. डाव्या बाजूलाही असाच हिशेब करतात, पण शून्याच्या खाली धावा कोण करणार?

आता एक गंमत. पेटीतला ७ ते २२ हा भाग १ ते ७ या भागापेक्षा अडीचपट लांब आहे. मग त्यात जास्त खेळाडू असणार, हो ना? मोजा बरं! छोट्या भागात १, १, ५. मोठ्या भागात ९, १७, २२. दोन्हीकडे तीन-तीनच! भाग लांब असला म्हणजे तिथे गर्दी जास्त असं नाही. उलट, तिथले आकडे लांब-लांब पांगलेले असतात. आखूड भागात ते दाटीवाटीने बसतात. भलेभले इथेच फसतात.

हे चित्र रूढ केलं अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी. कपिलच्या त्या खेळीच्या सहाच वर्षं आधी, १९७७ मध्ये, त्यांचं 'एक्स्प्लोरेटरी डेटा अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक आलं. आकडे हाती आले की गणितं मांडण्याआधी ते डोळ्यांनी नीट बघा, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरवाल्यांचा 'बिट' हा शब्दही त्यांचाच बरं का!

आता त्याच कागदावर, त्याच मापाने, २५ जूनच्या अंतिम सामन्यातला भारताचा डाव काढा:

०, २, २, ११, ११, १४, १५, १७, २६, २७, ३८

इथे अकरा आकडे आहेत, म्हणून सहावा आकडा मध्यक. तो बाजूला ठेवा. उरलेल्या पाच-पाचांतले मधले म्हणजे २ आणि २६. या वेळी एकही टिंब नाही! सर्वाधिक धावा श्रीकांतच्या, त्याही फक्त ३८. पण मध्यक ७ वरून थेट १४ वर गेला. एकट्याचा पराक्रम नाही, थोडं-थोडं बऱ्याच जणांनी केलं आणि कप आपल्याकडे आला.

त्याच अंतिम सामन्यातला वेस्ट इंडीजचा डाव तुमच्यासाठी ठेवलाय:

१, ४, ५, ५, ६, ८, ८, १३, १८, २५, ३३

यातले ३३ व्हिव्ह रिचर्ड्सचे. ते मिशीत मावतात, की त्यांनाही टिंब द्यावं लागतं? दीडपटीचा नियम लावा आणि ठरवा.

(पेटीचे आकडे ताडून बघा: चतुर्थक ५ आणि १८, मध्यक ८.)