जहागीर जतची, भांडण साताऱ्याचे

जतच्या डफळ्यांचे मूळ आडनाव चव्हाण. डफळापूरची पाटीलकी होती, म्हणून डफळे. आदिलशाहीपासून देशमुखी सांभाळणारे हे घराणे एकोणिसाव्या शतकात सातारा आणि मुंबई यांच्या ओढाताणीत सापडले. त्या ओढाताणीचा निकाल लावणारा गव्हर्नर म्हणजे सर जेम्स रिव्हेट-कार्नाक. कंपनीच्या फौजेतून बडोद्याच्या दरबारी रेसिडेंट, विलायतेला परतल्यावर कंपनीचा संचालक, मग अध्यक्ष, १८३७ मध्ये सँडविचचा खासदार आणि १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर, अशी त्याची चढण.

भांडणाची गाठ सातारा आणि कंपनी यांच्या २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात होती. जहागीरदारांनी चाकरी छत्रपतींची करायची, पण त्यांच्या जहागिरींची हमी कंपनीची. १८२० मध्ये कंपनीने डफळ्यांशी वेगळा करारही केला. तरी १८२७ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी कर्जफेडीसाठी जत जप्त केलेच. जहागिरींवर खरा धनी कोण, हा वाद चिघळत गेला. लंडनच्या संचालकांनी १८३५ मध्ये महाराजांच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र आणि एक तलवार पाठवली. मुंबई सरकारने दोन्ही अडकवून ठेवली. तेव्हाचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हाही माजी खासदारच. ज्यूंना नागरी हक्क मिळावेत म्हणून पार्लमेंटात विधेयक आणणारा! ती चाड बोटीतून इकडे उतरलेली दिसत नाही.

ग्रँट १८३८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. महाराजांवर आरोप होते पलटणीतले देशी अंमलदार फितवल्याचे, गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचे. कार्नाकचे म्हणणे सरळ होते: कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी चौकशी मागितली, सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना पदच्युत केले; साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेऊन पुढे काशीला धाडले. तिथेच १८४७ मध्ये ते वारले. दरबारी वकिलीत मुरलेल्या माणसाने चौकशीऐवजी सही मागावी, यातच आरोपांचा कच्चेपणा उघडा पडतो, असे मला वाटते.

एप्रिल १८४१ मध्ये कार्नाक परत गेला. त्याच वर्षी कर्ज फिटून जत डफळ्यांना परत मिळाले. १८४८ मध्ये महाराजांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे वारले. त्यांचे दत्तकविधान मान्य करावे असे रेसिडेंट बार्टल फ्रियरने बजावूनही गव्हर्नर-जनरल डलहौसीने सातारा खालसा केला. डफळे आता थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. पण इंग्रजांची हमीही फुकटची नव्हती. जुलमी कारभाराचे कारण देऊन १८७४ ते १८८५ अशी अकरा वर्षे इंग्रजांनी जतचा कारभार आपल्या हाती ठेवला. धन्याचे राज्य बुडाल्यावर चाकराची ही जहागीर आणखी शंभर वर्षे टिकली आणि १८४८ नव्हे, १९४८ मध्ये विलीन झाली.