अनेक ठिकाणी विभागलेल्या साठ्याचे व्यवस्थापन : गोंदिया जिल्ह्यातील धान व्यवहाराच्या संदर्भात

प्रस्तावना :

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत साठा व्यवस्थापनाचा विचार बहुधा एक दुकान व एक गोदाम गृहीत धरून केलेला असतो. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले किफायतशीर मागणी परिमाणाचे सूत्र एका वेळी किती माल मागवावा हे सांगते. आलेला माल कोणत्या ठिकाणी किती ठेवावा, हे सांगत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र माल अनेक दुकाने, गोदामे आणि वाहने यांत विभागलेला असतो. अशा वेळी ‘साठा किती आहे’ यापेक्षा ‘साठा कोठे आहे व कोणाच्या जबाबदारीवर आहे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. गोंदिया जिल्ह्यातील धान व्यवहाराच्या आधारे या प्रश्नाचे स्पष्टीकरण करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी :

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत. धान हे येथील प्रमुख पीक असून राईस मिल हा प्रमुख उद्योग आहे. आधारभूत किंमत योजनेखालील धानाची खरेदी महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ, तसेच आदिवासी क्षेत्रात महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत होते. प्रत्यक्ष खरेदी केंद्रे बहुतांशी स्थानिक सहकारी संस्था चालवितात.

शेतकऱ्याच्या खळ्यावरून निघालेला धान प्रथम खरेदी केंद्रावर, तेथून गोदामात, गोदामातून भरडाईसाठी राईस मिलमध्ये जातो. भरडाईनंतरचा तांदूळ शासकीय गोदामात जमा होतो व पुढे रास्त भाव दुकानांतून शिधापत्रिकाधारकांपर्यंत पोहोचतो. या प्रत्येक टप्प्यावर वाहन आहे, तोलाई आहे आणि जबाबदार व्यक्ती बदलते आहे. अनेक ठिकाणच्या साठ्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

१) एकूण साठा व स्थाननिहाय साठा :

सर्व ठिकाणच्या मालाची बेरीज म्हणजे एकूण साठा. ताळेबंदासाठी ही संख्या आवश्यक असली तरी दैनंदिन निर्णयासाठी ती अपुरी आहे. जिल्ह्यात सर्व गोदामे मिळून जागा शिल्लक आहे, एवढ्यावरून ज्या केंद्रावर आज धान येत आहे त्या केंद्राजवळ जागा आहे असे सिद्ध होत नाही. खरिपाचा धान भरडाईसाठी वेळेवर उचलला गेला नाही, तर उन्हाळी धान येतो त्या वेळी गोदाम भरलेलेच असते. मग पोती ताडपत्रीखाली उघड्यावर ठेवावी लागतात आणि पुढे पावसाळा उभा असतो. म्हणजे पुढच्या टप्प्यावरील संथ उचल ही मागच्या टप्प्यावरील नुकसानीचे कारण ठरते.

मालाचे रूप बदलते तेथे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. केंद्र शासनाच्या निकषानुसार १०० किलो धानापासून ६७ किलो कच्चा तांदूळ अपेक्षित असतो. त्यामुळे धान व तांदूळ यांची थेट बेरीज निरर्थक होय; दोन्ही एका परिमाणात आणूनच तुलना करावी लागते.

२) मार्गस्थ साठा :

एका ठिकाणाहून निघालेला परंतु दुसऱ्या ठिकाणी न पोहोचलेला माल हा मार्गस्थ साठा होय. व्यवहारात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. समजा, केंद्रावरून २५० पोती निघाली आणि मिलमध्ये २४७ उतरली. पाठविणाऱ्याने नोंद करताच ती पोती घेणाऱ्याच्या खाती जमा दाखविली, तर तीन पोत्यांची तूट मिलच्या माथी येते. उलट मिलचा आकडा मागाहून केंद्राच्या वहीत उतरविला, तर ती केंद्राच्या माथी येते. दोन्ही पद्धतींत तूट कोठे झाली, हे लपून राहते.

यावर उपाय म्हणजे वाहन हेच एक स्वतंत्र स्थान मानणे. माल निघताना केंद्राच्या खात्यातून वजा होऊन वाहनाच्या खाती जमा व्हावा. उतरल्यावर प्रत्यक्ष मोजणीनुसार वाहनाच्या खात्यातून वजा होऊन मिलच्या खाती जमा व्हावा. वाहनाच्या खात्यात उरलेली तीन पोती तारीख व वाहन क्रमांकासह दिसत राहतील. येथे तूट भरून निघत नाही. परंतु ती चुकीच्या माणसावर लादली जात नाही.

३) घट आणि जबाबदारी :

धानाच्या साठ्यात चोरी वा हयगय नसतानाही वजन कमी होते. खरेदीच्या वेळी धानात कमाल १७ टक्के ओलावा ग्राह्य धरला जातो. १७ टक्के ओलाव्याच्या १०० क्विंटल धानात १७ क्विंटल पाणी व ८३ क्विंटल कोरडा अंश असतो. साठवणुकीत ओलावा १४ टक्क्यांवर आला, तर हाच ८३ क्विंटल कोरडा अंश नव्या वजनाच्या ८६ टक्के होतो आणि एकूण वजन ९६.५१ क्विंटल भरते. सुमारे ३.४९ क्विंटलची ही घट केवळ सुकण्याने झालेली आहे. २०२५-२६ च्या हंगामातील साधारण धानाच्या २,३६९ रुपये प्रति क्विंटल या आधारभूत दराने तिचे मूल्य सुमारे ८,२६८ रुपये होते.

घट मान्य मर्यादेपेक्षा अधिक निघाली की तिचा भार खरेदी करणाऱ्या संस्थेवर येतो आणि संशय केंद्रावरील कर्मचाऱ्यावर. अशा वेळी त्याची प्रामाणिकता सिद्ध करणारा एकमेव पुरावा म्हणजे नोंदवही. म्हणून प्रत्येक थप्पीसाठी खरेदीची तारीख, पोत्यांची संख्या, वजन, आवकेच्या वेळचा ओलावा आणि उचलीच्या वेळचा ओलावा या पाच बाबी नोंदविल्या पाहिजेत. त्यायोगे सुकण्याची घट, उंदीर-किडीचे नुकसान, पावसाने झालेली नासाडी आणि हिशेब न लागणारी तूट यांत फरक करता येतो. या चारही गोष्टी ‘घट’ या एकाच रकान्यात टाकल्या, तर प्रामाणिक व अप्रामाणिक दोघेही एकाच मापाने मोजले जातात.

४) सुरक्षित साठा कोठे ठेवावा :

अनपेक्षित मागणीसाठी राखलेला साठा प्रत्येक दुकानात ठेवावा की मध्यवर्ती गोदामात, हा पुढील प्रश्न होय. चार दुकानांची मागणी सारख्याच प्रमाणात व परस्परांशी संबंध नसताना कमी-अधिक होत असेल आणि प्रत्येकास २० नगांचा सुरक्षित साठा लागत असेल, तर स्वतंत्रपणे ८० नग लागतात. तोच साठा एकत्र ठेवल्यास २० ला चारच्या वर्गमुळाने गुणून ४० नग पुरतात. कारण एका दुकानाची वाढलेली मागणी दुसऱ्याच्या घटलेल्या मागणीने काही अंशी भरून निघते.

मात्र गोदामातून दुकानापर्यंत माल वेळेवर पोहोचत असेल, तरच हा लाभ मिळतो. पावसाळ्यात नाल्यांना पूर आल्याने ज्या गावाचा रस्ता बंद होतो, तेथील दुकानासाठी मध्यवर्ती साठा असून नसल्यासारखा असतो. अंत्योदय कुटुंबाला दरमहा मिळणारे ३५ किलो धान्य तालुक्याच्या गोदामात असणे आणि गावात असणे यांत त्या कुटुंबाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेव्हा रस्त्यालगतच्या दुकानांचा सुरक्षित साठा एकत्र व दुर्गम दुकानांचा स्वतंत्र ठेवणे, हेच सयुक्तिक ठरते.

५) सेवावाहनातील साठा :

खासगी व्यवसायातही हीच तत्त्वे लागू पडतात. उदाहरणादाखल राईस मिलच्या सुट्या भागांची एक पेढी कल्पिता येईल. गोंदियास गोदाम, तिरोडा, आमगाव व देवरी येथे दुकाने आणि दुरुस्तीसाठी दोन वाहने आहेत. वहीप्रमाणे रबर रोलरचे २४ नग आहेत : गोदामात १०, तीन दुकानांत मिळून १० आणि प्रत्येक वाहनात २. भर हंगामात देवरीकडील मिल बंद पडते. कारागीर पोहोचतो, परंतु वाहनातील दोन्ही रोलर मागील आठवड्यातच वापरले गेले असून त्यांची नोंद झालेली नाही. वहीत माल आहे, गाडीत नाही आणि मिल बंद आहे.

वाहनासाठी किरकोळ रोख पुस्तकाच्या अग्रधन पद्धतीसारखी व्यवस्था उपयुक्त ठरते. प्रत्येक वाहनाला सुट्या भागांचा ठरावीक संच द्यावा, वापरलेल्या भागाची नोंद दुरुस्तीच्या पावतीवरच करावी आणि संध्याकाळी तेवढेच नग गोदामातून भरून द्यावेत. शिल्लक नग अधिक पावत्यांवरील नग ही बेरीज ठरावीक संचाइतकी आली की मोजणी पूर्ण होते.

६) कायद्याची अपेक्षा :

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३५ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्रातील प्रत्येक व्यवसायस्थानाचे हिशेब त्या त्या ठिकाणी ठेवावयाचे असतात. नियम ५६ नुसार साठ्याच्या हिशेबात हरविलेला, चोरीस गेलेला व नष्ट झालेला माल वेगळा दाखवावा लागतो. नियम ५८ नुसार गोदामातील माल मालनिहाय व मालकनिहाय ओळखता येईल असा रचावयाचा असतो. शासनाचा धान व स्वतःचा धान एकाच आवारात ठेवणाऱ्या राईस मिलच्या दृष्टीने मालकनिहाय रचनेचे हे तत्त्व विशेष मोलाचे आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अनेक ठिकाणच्या साठ्याचे व्यवस्थापन हे प्रथम नोंदींचे व नंतर सूत्रांचे शास्त्र आहे. प्रत्येक स्थानाला, वाहनालाही, स्वतंत्र खाते. प्रत्येक हस्तांतरणाच्या दोन नोंदी. घटीचे कारणनिहाय वर्गीकरण. आणि ठरावीक काळाने थोड्या थोड्या मालाची प्रत्यक्ष मोजणी, ही त्याची चार अंगे होत. संगणक प्रणालीने ही कामे जलद होतात. परंतु काट्यावर वजन व ओलावा खरा लिहिला गेला नाही, तर संगणक चुकीचाच आकडा अधिक वेगाने पोहोचवितो. वाणिज्य शाखेच्या प्रकल्पकार्यात विद्यार्थ्यांना जवळच्या खरेदी केंद्रावरील एका थप्पीचा हिशेब आवकेपासून उचलीपर्यंत मांडावयास दिला, तर पाठ्यपुस्तकातील साठा व्यवस्थापन त्यांना आपल्याच गावात भेटेल.