चिंच, तांबं आणि कल्हई

दिवाळीआधी देवघरातली तांब्याची भांडी घासायला तुम्ही कधी बसलात का? काळपट पडलेल्या तांब्याला चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ चोळलं, की बोट फिरेल तिथे गुलाबीसर पट्टा उमटतो. किती मस्त दिसतो तो!

आता हीच चिंच घातलेली आमटी तांब्याच्या उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवा. सकाळी आजी म्हणेल, "कळकली गं, टाकून दे!" भांडं उजळणारी चिंच अन्न कशी काय बिघडवते?

खरं म्हणजे दोन्हीकडे ती एकच काम करते. तांब्यावरचा काळपट थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तयार होतो. त्याला ऑक्साइड म्हणतात. चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं. भांडं घासताना तो पाण्याबरोबर मोरीत जातो. आमटीत मात्र विरघळलेलं तांबं आमटीतच राहतं! शिवाय हवा नवा थर तयार करत असते आणि आम्ल तोही विरघळवत असतं. भांडं असं कणाकणाने झिजतं. पोटात तांबं जास्त गेलं, की मळमळतं, उलट्या होतात. पितळेतही बहुतेक भाग तांब्याचाच, म्हणून पितळी भांड्यात ताकही कळकतं.

यावर आपल्याकडचा जुना, भारी उपाय म्हणजे कल्हई, म्हणजेच भांड्याला आतून दिलेला कथील या धातूचा पातळ थर. कल्हईवाला दिसला तर जरूर थांबून बघा. तो भांडं स्वच्छ घासतो, सांडशीत धरून भट्टीवर तापवतो आणि आत नवसागराची पूड टाकतो. भस्सकन पांढरा धूर उठतो! मला सगळ्यांत नवल वाटतं ते या नवसागराचं. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघतात. ते तांब्यावरचा उरलासुरला ऑक्साइड साफ करतात. तो राहिला, तर कथील चिकटतच नाही. (हा धूर नाकाला झोंबतो, म्हणून जरा लांबच उभे राहा.) मग कल्हईवाला तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी टेकवतो. कथील वितळतं, आणि कापसाचा बोळा फिरला की लालसर भांडं आतून चंदेरी! कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं मात्र 1085 अंशांना. म्हणून भांड्याला काही होत नाही.

अन्नातल्या आंबटाला कथील सहजासहजी दाद देत नाही. पण रोजच्या घासण्याने कल्हई झिजते. तेव्हा घरातल्या कल्हईच्या भांड्यात डोकावून बघा. आत लालसर किंवा पिवळे डाग दिसले, तर त्यात ताक, आमटी, सोलकढी ठेवू नका. आधी कल्हई करून घ्यायला सांगा. आणि हो, कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नाही. 232 अंश गाठायला त्याला फार वेळ लागत नाही.