ताऱ्याच्या पोटात अंडी

किडे कुठे नसतात? वाळवंटात असतात, बर्फाळ डोंगरांवर असतात, आपल्या तांदळाच्या डब्यातही असतात! पण समुद्रात शोधायला गेलात, तर फारसं कुणी हाती लागणार नाही. म्हणूनच मला हे समुद्रातलं कॅडिसफ्लायचं कुटुंब इतकं आवडतं.

कॅडिसफ्लाय म्हणजे फुलपाखरं आणि पतंगांचे जवळचे भाऊबंद. फरक पंखांवर दिसतो. फुलपाखराच्या पंखांवर बारीक खवले असतात, तर यांच्या पंखांवर केस. यांच्या अळ्या पाण्यात वाढतात आणि तोंडातून रेशीम काढतात. हे रेशीम पाण्यातही घट्ट चिकटतं बरं का! काही जातींच्या अळ्या त्याचं जाळं विणून वाहत येणारं खाणं पकडतात. काही जणी वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळी बांधतात आणि ती घेऊनच फिरतात. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही अशा अळ्या आहेत. जगभरात कॅडिसफ्लायच्या १६,००० हून जास्त जाती माहीत आहेत, आणि बहुतेक सगळ्या गोड्या पाण्यातल्या.

एक कुटुंब मात्र थेट खाऱ्या पाण्यात शिरलं. त्याचं नाव चॅथॅमिडी. जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या आढळतात फक्त न्यूझीलंड, त्याच्या आसपासची चॅथम आणि करमाडेक ही बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा आग्नेय किनारा इथे. नकाशा उघडून बघाच. पृथ्वीवर एवढे समुद्रकिनारे, पण हे कुटुंब त्या एकाच कोपऱ्यात!

त्यातल्या फिलॅनिसस प्लेबियस या जातीला १८५२ साली फ्रान्सिस वॉकर यांनी नाव दिलं. तिची अळी ओहोटीच्या वेळी खडकांत उरणाऱ्या डबक्यांमध्ये राहते. तिथल्या कडक, गुलाबी समुद्रशेवाळाचे तुकडे रेशमाने जोडून ती आपली नळी बनवते. त्यामुळे शेवाळात बसली की पटकन दिसतच नाही. पण मिठाचं काय? ओढ्यातली एखादी अळी समुद्रात टाकली, तर ती बिचारी जगणार नाही. ही मात्र चक्क समुद्राचं पाणी पिते आणि जास्तीचं मीठ शरीराबाहेर टाकून देते. तिच्या रक्तातला खारटपणा भोवतीच्या पाण्यापेक्षा बराच कमी राहतो.

आता खरी गंमत. इतर कॅडिसफ्लाय पाण्यात किंवा पाण्याकाठी अंडी घालतात. समुद्रकिनाऱ्यावर लाटांचा मार, वर ओहोटीला ऊन. मग हिची अंडी कुठे असतील? १९७६ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ती शोधली, आणि ती निघाली चक्क जिवंत तारामाशाच्या शरीरात! हा तारामासा छोटासा, आखूड हातांचा. त्याच्या पाठीवर श्वासासाठी अतिशय बारीक छिद्रं असतात. मादीजवळ अंडी घालायची लांब नळी असते. ती नळी त्या छिद्रांतून आत सरकवून मादी अंडी सोडत असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

अंडी तारामाशाच्या आतल्या पोकळीत वाढतात. अंड्यांतून निघालेल्या चिमुकल्या अळ्या पुढे बाहेर येतात, शेवाळ गाठतात आणि तुकडे जोडायला लागतात.