घरगुती पाणबुडी पंप

घरगुती पाणबुडी पंप (अन्य नावे : सबमर्सिबल पंप, पाणबुडी मोटार) हा विद्युत मोटार आणि पंप एकाच जलरोधक संचात जोडून पूर्णपणे पाण्याखाली बसविला जाणारा पंप होय. विंधन विहीर (बोअरवेल), उघडी विहीर अथवा जमिनीखालील टाकी यांतील पाणी घराच्या छतावरील टाकीत चढविण्यासाठी त्याचा वापर होतो. हा पंप डोळ्यांआड असल्याने त्यातील बिघाड बहुधा पाणी बंद पडल्यावरच लक्षात येतो. म्हणून योग्य निवड, नियमित नोंदी आणि सुरक्षित हाताळणी यांना विशेष महत्त्व आहे.

इतिहास

पाण्याबाहेर बसविलेला पंप वातावरणाच्या दाबाच्या आधारे पाणी ओढतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर उंचीचाच जलस्तंभ पेलू शकतो, त्यामुळे असा पंप व्यवहारात ७ ते ८ मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही. पंपच पाण्यात उतरवून पाणी खालून वर ढकलल्यास ही मर्यादा उरत नाही. तेलविहिरींसाठी अशा विद्युत पंपाचा विकास रशियन साम्राज्यात जन्मलेले अभियंते अर्मेस अरुतुनॉफ यांनी केला. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात बार्टल्सव्हिल येथे १९३० मध्ये त्यांची 'रेडा' ही कंपनी उभी राहिली. भारतात कोइंबतूर व राजकोट ही अशा पंपांच्या उत्पादनाची प्रमुख केंद्रे आहेत.

रचना आणि कार्य

बोअरवेलचा पंप लांब व निमुळत्या नळकांड्यासारखा असतो. मोटार तळाशी, तिच्यावर जाळीने झाकलेले पाणी शिरण्याचे तोंड आणि सर्वांत वर पंप अशी रचना असते. पंपात एकावर एक अनेक टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यातील फिरती चकती (इम्पेलर) पाण्याला वेग देते व स्थिर भाग त्या वेगाचे दाबात रूपांतर करतो. टप्पे जितके अधिक, तितके पाणी उंच चढते. वरच्या टोकाला असलेली एकमार्गी झडप पाइपातील पाणी परत खाली येऊ देत नाही.

पाणी मोटारीभोवतून वाहत वर जाते व तिला थंड ठेवते. म्हणून कोरडा चाललेला पंप अल्पावधीत तापतो, त्यातील बुश झिजतात आणि प्लॅस्टिकचे इम्पेलर वितळू शकतात.

भंडारा जिल्ह्यातील वापर

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा असला, तरी वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात प्रामुख्याने नाइस, ग्रॅनाइट व शिस्ट यांसारखे प्राचीन कठीण खडक आढळतात. अशा खडकांत पाणी झिजलेल्या थरात व भेगांमध्येच साठते. त्यामुळे मोहाडी तालुक्यातील करडी किंवा जिल्ह्यातील अशाच एखाद्या गावात शेजारशेजारच्या दोन बोअरचे पाणी निराळे असू शकते. एका घरी योग्य ठरलेला पंप दुसऱ्या घरी उपयोगी पडेलच असे नाही.

जिल्हा माजी मालगुजारी तलावांसाठी आणि धानासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळी धानासाठी उपसा वाढला की पाण्याची पातळी आणि विजेचा दाब दोन्ही घटू शकतात. घरगुती पंपाची खरी परीक्षा याच काळात होते.

पंपाची निवड

निवड करताना अश्वशक्तीपेक्षा 'हेड' (एकूण चढ) आणि विसर्ग यांचा विचार आधी करावा. चढ मोजताना पावसाळ्यातील नव्हे, तर मे महिन्यात उपसा चालू असतानाची पातळी धरावी.

उदाहरणार्थ, उन्हाळी पातळी ४० मीटर, टाकीची उंची ६ मीटर आणि पाइपातील घर्षण ४ मीटर धरल्यास एकूण चढ ५० मीटर होतो. सेकंदाला १ लीटर पाणी इतके चढविण्यास सुमारे ४९० वॅट लागतात. लहान संचाची एकूण कार्यक्षमता ३८ टक्के मानल्यास विजेची प्रत्यक्ष मागणी सुमारे १.३ किलोवॅट होते. १,००० लीटरची टाकी सुमारे १७ मिनिटांत भरते व त्यास साधारण एक-तृतीयांश युनिट वीज लागते.

बोअरच्या आवकीपेक्षा मोठा पंप बसविल्यास अधिक पाणी मिळत नाही. उलट पंप कोरडा पडतो. पंपसंचांसाठी आयएस ८०३४ व मोटारींसाठी आयएस ९२८३ ही भारतीय मानके आहेत.

बसविताना घ्यावयाची काळजी

* पंप उन्हाळी पातळीच्या खाली, परंतु गाळ शिरू नये म्हणून तळापासून काही मीटर वर टांगावा.
* पाण्याने भरावयाच्या मोटारीत उतरविण्यापूर्वी स्वच्छ पाणी भरावे. तेलाने भरलेल्या मोटारीस हे लागू नाही.
* पंपास नायलॉनचा दोर बांधावा. केबलला धरून पंप कधीही ओढू नये.
* केबलचा सांधा जलरोधक करावा व केबल ठराविक अंतरावर पाइपास बांधावी.
* बोअरची खोली, केसिंगची लांबी, पाइपांची संख्या आणि पंपाची खोली लिहून ठेवावी.

देखभाल

नवा पंप बसविल्यावर त्याचा विद्युतप्रवाह (अँपिअर) आणि टाकी भरण्याचा वेळ नोंदवावा. दर महिन्याला याच दोन गोष्टी तपासल्यास बिघाडाची चाहूल लवकर लागते. पंप बंद झाल्यावर लगेच पुन्हा चालू करू नये. दीर्घकाळ वापर नसल्यास अधूनमधून काही मिनिटे चालवावा. पाणी नसताना पंप आपोआप बंद करणारे उपकरण पॅनेलमध्ये बसविणे उपयुक्त ठरते.

सामान्य दोष व संभाव्य कारणे :

* मोटार गुणगुणते, फिरत नाही : कॅपॅसिटर निकामी, विजेचा दाब कमी किंवा वाळूने पंप अडकलेला.
* पाण्यासोबत थांबून थांबून हवा येते : पातळी पंपाच्या तोंडाशी आलेली.
* टाकी भरण्यास अधिक वेळ लागतो : पातळी घटलेली, पाइप गळका, जाळी तुंबलेली किंवा इम्पेलर झिजलेले.
* तीन फेजच्या पंपाचे पाणी सुरुवातीपासूनच कमी : फिरण्याची दिशा उलटी. कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल केल्यास ती सुधारते.
* ओव्हरलोड वारंवार पडतो : कारण शोधल्याविना तो पुन्हा दाबू नये.

सुरक्षितता

पॅनेलला योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) असावा. मुख्य पुरवठा बंद केल्याशिवाय पाइप, केबल वा पॅनेल उघडू नये. पंप चालू असलेल्या विहिरीत किंवा टाकीत उतरणे प्राणघातक ठरू शकते.

उघड्या विहिरीत मोटार काढण्यासाठी उतरताना आणखी एक धोका असतो. तळाशी प्राणवायू कमी किंवा विषारी वायू साचलेला असू शकतो. पहिला मनुष्य बेशुद्ध पडल्यावर त्याला वाचविण्यासाठी उतरलेलेही दगावतात. कंदील न विझणे ही सुरक्षिततेची पुरेशी खूण नव्हे, कारण काही विषारी वायूंमध्येही ज्योत जळत राहते. शक्यतो पंप दोराने वरूनच काढावा.

पंप काढून घेतलेला बोअर उघडा ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार केसिंगवर घट्ट झाकण असावे, त्याभोवती जमिनीच्या वर व खाली ०.३० मीटर असा काँक्रीटचा ओटा असावा आणि निकामी बोअर तळापासून वरपर्यंत बुजवावा. पंप दुरुस्तीस नेतानाही बोअरचे तोंड झाकून ठेवणे आवश्यक आहे.