आधारची झेरॉक्स देण्याआधी

लॉजवर खोली घेताना, भाडेकरार करताना आधारची झेरॉक्स सहज पुढे केली जाते. पुढे ती कुणाच्या हाती लागते, याचा पत्ता नसतो. अशा कागदांवर परस्पर सिमकार्डं निघतात, कर्जंही उचलली जातात.

म्हणून चालेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्यावं. आधारच्या संकेतस्थळावरून ते मोफत डाउनलोड होतं आणि त्यावर १२ आकड्यांपैकी शेवटचे ४च दिसतात. बोटांच्या ठशांनाही तिथेच कुलूप लावता येतं. अंगठा टेकवून बँकेतले पैसे काढायची ज्यांना गरज नाही, त्यांनी तर ते लावूनच टाकावं. ठशांची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत? दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकला की यादी समोर येते. अनोळखी क्रमांकाची तक्रारही तिथेच करता येते.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प न बसता आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवावा. चोरलेली रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात पळवली जाते. ती वाटेत गोठवायला सुरुवातीचे काही तासच हाती असतात. बँकेलाही लगेच कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराची तक्रार ३ कामकाजाच्या दिवसांत केली, तर तोटा ग्राहकाच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यालाच सोसावं लागतं.